जोसेफची उकड

बाईंनी आम्हाला आधी खायला घातलं, नाव मागाहून विचारलं.

न्यूझीलंडला आल्यावर टौरंगात आम्ही घर शोधत होतो. त्या सकाळी दोन ठिकाणी नकार ऐकून झाला होता. पहिल्या ठिकाणची एजंट गोड हसून "कळवते हं" म्हणाली. त्या हसण्यावरूनच कळलं की ही बया काही कळवत नाही. दुसऱ्या ठिकाणी घरमालकाने आमच्या सईकडे पाहिलं आणि म्हणाला, घर लहान मुलांसाठी 'सूटेबल' नाही. सई तेव्हा चार वर्षांची, आणि तिने त्याच्या गालिच्यावर जँडल्ससकट, म्हणजे रबरी चपलांसकट, उडी मारली होती, हे मान्य. पण म्हणून काय झालं? नवरा म्हणाला, "तिसरं उद्या बघू." मी म्हटलं, "उद्या नाही नि बिद्या नाही. आजच." मी हट्टाला पेटले की तो गाडी चालवतो आणि गप्प बसतो.

तिसऱ्या दारावर टकटक केली. दार उघडलं ते एका ठेंगण्या, कोपरापर्यंत पीठ माखलेल्या म्हातारीने. हॅलो नाही, किया ओरा नाही. बोट नाचवत तिने विचारलं, "किती ठिकाणी नाही म्हणाले?"

मी चिडलेच. हिला कुणी सांगितलं? म्हटलं, "दोन."

तिने टाळीच वाजवली! पिठाचा ढग उडाला. आमचे दंड धरून तिने आम्हाला आत ओढलं आणि एका लांबलचक टेबलाशी बसवलं. टेबलावर करवतीच्या, हातोडीच्या आकाराचे पाव होते, संत्री होती, मधोमध एका दाढीवाल्या बाबाची लाकडी मूर्ती होती आणि मूर्तीपुढे तळलेल्या, फुगलेल्या, वर पांढरं चक्क्यासारखं काहीतरी थापलेल्या गोळ्यांचं ताट. नवरा मराठीत कुजबुजला, "अगं, आपण फ्लॅट बघायला आलोय ना?"

"गप खा," मी म्हटलं. "यांच्याकडे पूजा दिसतेय."

"आधी खा," बाई म्हणाल्या. "नावं नंतर."

त्या गोळ्यांचं नाव स्फिंची. बाई मूळच्या सिसिलीच्या. मार्चच्या एकोणीस तारखेला त्यांच्याकडे संत जोसेफचा सण. या दिवशी तिघांनी जोसेफ, मेरी आणि बाळ येशू व्हायचं आणि दारं ठोठवायची. पहिल्या दोन वेळा आतून "जागा नाही" म्हणून हाकलतात, तिसऱ्या वेळी दार उघडतं, आणि ते तिघे जेवल्याशिवाय घरात कुणी घासाला हात लावत नाही. बाईंच्या ओळखीचे सगळे इटालियन एकेक करून देवाघरी गेले होते. ठोठवायला कुणी उरलं नव्हतं. म्हणून त्या दरवर्षी स्वयंपाक करून दाराकडे कान लावून बसायच्या आणि शेवटी कुरिअरवाल्याला, नाहीतर कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला पकडून आणायच्या. त्यात आम्ही पडलो बाप, आई आणि लेकरू, वर दोन नकार पचवून आलेले. बाईंना दुसरं काय हवं होतं? खालचा फ्लॅट आम्हाला मिळाला तो असा. तो आम्ही अजून पाहिलासुद्धा नव्हता.

जोसेफ तर सुतार, मग त्याच्या सणाला हे तळण कशाला, असं मी एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, बाळाला घेऊन इजिप्तला पळून गेल्यावर त्याला सुतारकाम कुणी देईना, म्हणून त्याने रस्त्यावर कढई मांडली आणि भजी तळून संसार केला. नवऱ्याने मान हलवली. "बरोबर आहे," तो म्हणाला. "त्याच्याकडे इजिप्तचा अनुभव नव्हता ना." 'न्यूझीलंडचा अनुभव नाही' हे वाक्य ऐकून ऐकून त्याचे पहिले सहा महिने गेले होते. त्या दिवसापासून त्याची आणि जोसेफची गट्टी जमली.

साठ वर्षं इथे काढूनही बाई शेजाऱ्यांना "ते इंग्लिश" म्हणायच्या. शेजारी माओरी असला तरी तोही "इंग्लिश". फोन ठेवताना त्या बाय म्हणत नसत, बोलणं संपलं की फोन संपला. अंजिराच्या झाडावर पक्षी बसू नयेत म्हणून त्यांनी नवऱ्याच्या जुन्या टाय फांद्यांना बांधल्या होत्या. "तो असताना कधी घातल्या नाहीत," म्हणायच्या, "आता तरी उपयोगी पडू देत." मी आईशी फोनवर बोलताना "अगं बाई!" म्हणते ते खालून ऐकून ऐकून त्यांनी ते उचललं. मग दूध उतू गेलं की "अगं बाई", पोस्टमन आला की "अगं बाई", आणि एकदा तर चर्चमध्ये फादरचं प्रवचन लांबलं तेव्हाही. मी त्यांना बाई म्हणते ते त्यावरूनच, असा त्यांचा पक्का समज होता.

त्यांच्या स्वयंपाकघरात एकाही पातेल्याला झाकण नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाल्या, "अन्नाला टोपी कशाला? त्याला काय बाहेर जायचंय?"

आमची खरी मैत्री झाली ती वालांवरून. मी वाल भिजवून, मोड आणून, पाटावर बसल्यासारखी ओट्याशी सोलत बसले होते. बाई आल्या, एक दाणा उचलून दाताखाली चावला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांच्याकडेही जोसेफला असल्याच शेंगेच्या दाण्यांचा मान. दुष्काळात गावाने तेच खाऊन दिवस काढले होते, म्हणे. पुढच्या मार्चपासून डाळिंब्यांची उसळ, ओल्या खोबऱ्यासकट, जोसेफपुढे जाऊ लागली. माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "कांदा नाही ना घातलास नैवेद्याला?" घातला होता. जोसेफने काही तक्रार केली नाही.

स्फिंचींना मात्र त्या मला हात लावू देत नसत. संत्र्याची साल किस, भांडी घास, पाव वाट. पीठ त्यांचं, हात त्यांचा, कढई त्यांची. "हे मी करणार," एवढंच. मी मनात म्हणायची, कर बाई, नाहीतरी मला हॉस्पिटलात पाय मोडेस्तोवर ड्यूटी आहे.

मग एका फेब्रुवारीत बाई अंजिरं काढायला शिडीवर चढल्या आणि पडल्या. मनगट मोडलं, तेही उजवं. आमच्याच हॉस्पिटलात प्लास्टर घातलं. मी हजर होते, आणि प्लास्टर घालणाऱ्या पोराला त्या "जरा पातळ घाल, मला ढवळायचंय" असं सांगत होत्या.

ऑकलंडहून त्यांची लेक आली. ही त्यांची एकुलती एक. मी तिला ऑकलंडकरीण म्हणते. स्वभावाने वाईट नाही, पण बोलायला लागली की मीटिंग चालू आहे असं वाटतं. तिने स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं: हिवाळ्याआधी रेस्ट होम, म्हणजे आपला वृद्धाश्रम. जागा बघून ठेवली आहे. आणि या वर्षी तळण नाही. गॅस, उकळतं तेल, चौऱ्याऐंशी वय आणि एकच हात, हे चालणार नाही. सणाला काय हवं ते ती बेकरीतून आणेल. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू नर्स आहेस. तूच सांग."

खरं सांगू? मला तिचंच पटत होतं. तेलाने भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. मी मान डोलावली.

बाई एवढंच म्हणाल्या, "रेस्ट होम, बघू. स्फिंची होणार."

लेक गेल्यावर मी त्यांना समजवायला वर गेले. बोलता बोलता म्हणून गेले, की आमच्याकडे एखाद्या गोष्टीची फारच तळमळ लागली की माणसं देव पाण्यात घालून बसतात. म्हणजे आपली म्हण आहे हो ती! दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला लाँड्रीत गेले, तर टबात पाणी भरलेलं आणि पाण्यात जोसेफ. दाढीसकट.

"बाई, हे काय?"

"तूच सांगितलंस. होईपर्यंत तिथेच राहील."

पण जोसेफ लाकडाचा. घर बांधताना उरलेल्या लाकडातून बाईंच्या नवऱ्याने घडवलेला. तो बुडेचना. बाई डाव्या हाताने त्याला खाली दाबत आणि तो पुन्हा वर येई. तिसऱ्यांदा वर आल्यावर त्या खूश झाल्या. "बघ," म्हणाल्या, "तोसुद्धा ऐकत नाही."

एकोणीस तारखेला मी रजा टाकली. तेलापाशी कुणीतरी शुद्धीवरचं माणूस असावं म्हणून, दुसरं काही नाही. वर गेले तर बाईंनी ॲप्रन माझ्यापुढे धरला. "तुझे हात," त्या म्हणाल्या, "माझं तोंड."

त्यांनी सांगितलं तसं पाणी ठेवलं. त्यात लोणी, मीठ. उकळी फुटल्यावर मैदा एकदम ओतायचा आणि लाकडी उलथन्याने घोटायचं. मी मैदा ओतला, दोनदा ढवळलं आणि माझी ट्यूब पेटली. "अगं बाई! बाई, ही तर आमची उकड!" मोदकांची उकड मी दहा वर्षांची असल्यापासून काढते आहे. ही काय मला शिकवणार? मला असा चेव आला म्हणून सांगू! बाई अंडी आणायला फ्रिजकडे वळल्या तेवढ्यात मी गॅस बारीक केला, पातेल्यावर परात उपडी घातली आणि उकडीला दणदणीत वाफ येऊ दिली. आजीने शिकवलं होतं तसं. वाफ नाही ती उकड कसली?

बाई वळल्या. अंडी हातात तशीच.

"ह्याला टोपी कुणी घातली?"

परात उचलली तर तिच्या पोटाला चिकटलेलं पाणी धो धो पिठात पडलं. मोदकाला जी वाफ लागते ती स्फिंचीला मारते. हिच्यातला ओलावा घोटून घोटून घालवायचा असतो, तरच तेलात पडल्यावर पोटात हवा धरते. तरीही आम्ही त्यात अंडी फेटली, तळून पाहिलं. कढईत नुसत्या तेलकट चपट्या टिकल्या तरंगल्या. सई दारातून म्हणाली, "आई, दीज आर सो सॅड." मराठीत टोपी घालणं म्हणजे फसवणं. त्या दिवशी मी संत जोसेफला टोपी घातली.

मला इतकं वाईट वाटलं! म्हटलं, "जाऊ द्या बाई. लेक आणतेय ना बेकरीतून. पुढच्या वर्षी नीट करू."

बाई खुर्चीवर बसल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांनी मला जे सांगितलं ते तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. लेक दिवस भरायच्या आधी जन्मली होती, इथल्याच हॉस्पिटलात. काचेच्या पेटीत ठेवलेली, तळहाताएवढी. त्यांचा नवरा लांब कुठेतरी शेड बांधायच्या कामावर. "मला इंग्लिश येत नव्हतं," बाई म्हणाल्या. "डॉक्टरशी बोलता येईना. म्हणून मी जोसेफशी बोलले." पोर वाचू दे, दरवर्षी तुझ्या दिवशी माझ्या घरी, माझ्या चुलीवर स्फिंची करीन आणि दार ठोठवणाऱ्याला उपाशी पाठवणार नाही.

"आमच्याकडे याला नवस म्हणतात," मी म्हटलं.

"नावास," बाई म्हणाल्या.

"आणि लेकीला माहीतच नाही?"

"मुलाला सांगायचं नसतं. मग ते आयुष्यभर ओझ्याने वाकून चालतं." त्या उठल्या. "पुन्हा पाणी ठेव."

मी पाणी ठेवलं. या खेपेला मी असं घोटलं की दंडात गोळे आले. "अजून," बाई म्हणायच्या. "अजून." पीठ पातेल्याच्या कडा सोडून गोळा झालं, तळाशी पांढरी साय धरली, तरी "अजून". मी रडत होते की घामाघूम झाले होते ते मलाच माहीत नाही. पहिली स्फिंची तेलात पडली, टम्म फुगली आणि आपोआप कुशीवर वळली. बाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. मी हात जोडले.

आणि तेवढ्यात ऑकलंडकरणीची गाडी दारात आली.

सकाळी फोनवर तिला तेलाचा चुर्र आवाज ऐकू गेला होता. मीटिंगा सोडून अडीच तास गाडी हाणत आली होती ती. दार कधी नव्हे ते बंद होतं. तिने दणदण वाजवलं.

"कोण आहे?" बाईंनी आतून विचारलं.

"मम, मी आहे! दार उघड!"

"जागा नाही," बाई म्हणाल्या.

सईला हा खेळ पाठ होता. ती आनंदाने ओरडली, "नो रूम! नो रूम!"

पुन्हा दणदण. "मम, हा काय पोरखेळ आहे? तेल चालू आहे ना? मी शेजाऱ्यांना बोलावीन!"

"पुढच्या घरी बघा. जागा नाही."

बाई दाराच्या आत उभ्या, प्लास्टरचा हात छातीशी. उघडायला त्या तयार नव्हत्या आणि ती तिसऱ्यांदा वाजवायला तयार नव्हती. दोघी एकाच मातीच्या, दुसरं काय! मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावले. ऑकलंडकरीण पायरीवर उभी होती, ऑफिसच्या बुटांत, हातात बेकरीचा गुलाबी खोका. दोन दारं तोंडावर आपटल्यावर माणूस कसं दिसतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये म्हणतात. मी खुपसलं, आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही. खिडकीतून सांगून टाकलं, "हे तळण तुझ्यासाठी आहे गं बये. तू काचेच्या पेटीत होतीस तेव्हापासून."

सगळं सांगितलं. चार वाक्यांत. मग तिने खोका पायरीवर ठेवला, केस मागे सारले आणि दारावर वाजवलं. हळू, बोटांच्या पेरांनी, लहानपणी मेरी होऊन वाजवायची तसं असेल कदाचित.

"कोण?"

"मम," ती म्हणाली, "मला भूक लागलीय."

दार उघडलं. ऑकलंडकरणीने हात धुतले, बाह्या वर केल्या आणि माझ्या हातातला झारा घेतला. संध्याकाळी नवरा पलीकडच्या सरदारजींच्या बागेत किवीफ्रूट तोडायला आलेल्या वानुआतू बेटांवरच्या मुलांना गाडीत कोंबून घेऊन आला. ती पोरं हीप्स, म्हणजे ढिगाने, जेवली. डाळिंब्यांची उसळ तर पुसून खाल्ली. टबातून काढून, पुसून, जोसेफला टेबलावर बसवलं होतं. बेकरीचा खोका दुसऱ्या दिवशी मुंग्यांसकट सापडला.

जूनमध्ये बाई रेस्ट होमला गेल्या. कुणी नेलं नाही, आपण होऊन गेल्या. म्हणाल्या, "'बघू' म्हणाले होते ना, ते आता बघितलं." जाताना कढई मला दिली आणि माझ्या कपाटातली दोन झाकणं आपल्या हाताने उचलून बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. नवी, स्टीलची, पुण्याहून आणलेली.

त्यांच्या चुलीवर, त्यांच्या घरी, असा नवस होता. घर लेकीने विकलं नाही, वरचा मजलाही आम्हालाच दिला. तेव्हा चूल तीच आहे. दर मार्चला लेक ऑकलंडहून येते, मी घोटते, ती तळते. आमचं एरवी कशावरही पटत नाही.

यंदा ती तापाने पडली म्हणून स्फिंचींचा खोका घेऊन मी एकटीच बाईंकडे गेले. तिने फोनवर बजावलं होतं, "मनाची तयारी ठेव. गेल्या महिन्यात तिने मलाही ओळखलं नाही." रेस्ट होममध्ये बाईंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी वाजवलं. आतून काही नाही.

कॉरिडॉरमधली केअरगिव्हर, केरळची पोरगी, म्हणाली, "उघडंच आहे, जा ना आत."

मी म्हटलं, "नाही. थांब जरा."

पुन्हा वाजवलं. किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग आतून खरखरीत आवाज आला, "जागा नाही!"

मी वाजवलं.

"पुढच्या घरी बघा!"

मी पुन्हा वाजवलं. वॉकरचा आवाज जवळ आला. दार उघडलं. बाई आणखी लहान झाल्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत माझी कणभरही ओळख नव्हती.

"किती ठिकाणी नाही म्हणाले?"

"दोन," मी म्हटलं.

त्यांनी माझा दंड धरून मला आत घेतलं. पलंगावर बसवलं. खोका माझ्याच हातातून घेऊन माझ्याचपुढे उघडून धरला. "आधी खा," म्हणाल्या. "नाव नंतर."

मी एक घेतली, त्यांनी एक घेतली. त्यांच्या नाकाला वरचा पांढरा रिकोटा लागला तो मी पुसला. त्या डोळे मिटून सावकाश चावत होत्या. मी म्हटलं, आता सांगावं नाव. तोंड उघडणार एवढ्यात त्या घास गिळून म्हणाल्या, "टोपी नाही घातलीस या वेळी."